ठिणगीचे दुसरे रूप

बिनतारी संदेशाचा जन्म ठिणगीतून झाला. १८८७ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हाइनरिख हर्ट्झ याने विजेची ठिणगी उडविली, आणि दूर ठेवलेल्या तारेच्या कड्यातील बारीक फटीत दुसरी ठिणगी चमकली. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपलीकडे संदेश पोहोचविला तोही ठिणगीच्याच बळावर. पुढे निर्वात नळ्या आल्या, माणसाचा स्वर आकाशमार्गे घरोघर जाऊ लागला आणि ठिणगीचे राज्य संपले. पण पदच्युत झालेली ही राणी नाहीशी झाली नव्हती. मोटारीच्या एंजिनात तिचे काम चालूच होते.

चार सिलिंडरांचे पेट्रोलचे एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला १०० ठिणग्या उडतात. त्यांच्यामागे हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि प्लगला जाणारी तार एरियलचे काम करते. म्हणजे प्रत्येक मोटार हे नकळत चालणारे एक प्रक्षेपण केंद्रच होय!

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांनी आपल्या मोटारीत रेडिओ बसविला व अटलांटिक सिटी येथे रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनस्थळाबाहेर ती उभी करून येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकविला. ‘मोटोरोला’ हे नाव त्याच उद्योगातून पुढे आले. मोटारीतील रेडिओपुढची मोठी अडचण होती ती याच कडकडाटाची. ग्राहकयंत्राला गाणे आणि ठिणगी यांतला भेद सहजी कळत नाही. म्हणून उपाय उगमाशीच करावा लागला. प्लगच्या वाटेवर सुमारे दहा हजार ओहमचा रोधक बसविला की ठिणगीमागून उठणारी विजेची आंदोलने लवकर शमतात. इंधन पेटण्यास अल्प ऊर्जा पुरत असल्याने एंजिनाच्या शक्तीत जाणवण्याजोगी घट होत नाही. डायनॅमोला कंडेन्सर जोडून त्याची खरखरही आवरण्यात आली.

येथवर काम सोपे होते, कारण गोंगाट करणारा आणि त्याचा त्रास सोसणारा एकाच मोटारीत बसलेला होता. रस्त्यावरच्या मोटारीमुळे शेजारच्या घरातील कार्यक्रम बिघडू लागला, तेव्हा प्रश्न तंत्राचा राहिला नाही, न्यायाचा झाला. ज्याला स्वतःला काहीच त्रास नाही, त्याने दुसऱ्यासाठी खर्च का करावा? रेडिओतील व्यत्ययाच्या मोजमापाबाबत एकवाक्यता आणण्यासाठी १९३४ साली एक आंतरराष्ट्रीय विशेष समिती कामास लागली. ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्याचा आधार घेऊन १९५२ साली नियम झाले आणि एंजिनाच्या ठिणगीचा उपद्रव आवरणे ही केवळ सौजन्याची बाब उरली नाही.

आज तो रोधक बहुधा प्लगच्या आत किंवा तारेतच दडलेला असतो. एंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ मोटारीच्या रेडिओत अजूनही कधी ऐकू येते. ती बहुधा आल्टरनेटरची असते, आणि सदोष अर्थिंग किंवा वीज पुरविणारी तार ही तिची वाट असते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर पेट्रोलची ठिणगीच नाही. परंतु त्यांतील वीज अतिवेगाने तोडली-जोडली जाते आणि तिचा उपद्रव मध्यम लहरींना पोहोचतो. म्हणून काही कारखानदारांनी अशा मोटारींतून मध्यम लहरींचा रेडिओच काढून टाकला.

गोंगाट आवरण्याऐवजी श्रोत्याचा कानच बंद करण्याचा हा मार्ग आहे. नव्वद वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी तो पत्करला नव्हता.