बेलवलकर वृद्धाश्रमात गेलेच नव्हते

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे पूर्वपक्ष ठरलेला असतो. ही पश्चिमेची देणगी. आपल्या परंपरेत म्हाताऱ्या माणसानं शेवटपर्यंत मुलांकडेच राहायचं. जो तिथे गेला तो टाकलेला. त्यामुळे आधीपासून तयारी करणं अभद्रच. अगदीच इलाज उरला नाही तर बघू.

परंपरेचा दाखला आधी तपासू. गृहस्थानं घर केव्हा सोडावं, हे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीच सांगितलं आहे: सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवाचं तोंड पाहिलं की. अंथरुणाला खिळल्यावर नव्हे. पत्नीला मुलांकडे ठेवावं किंवा सोबत न्यावं, गावातलं अन्न आणि सामानसुमान सोडावं, पण अग्निहोत्र आणि त्याची उपकरणं बरोबर घ्यावीत, इतका तपशील तिथे आहे. (मनूशी आपलं भांडण पुष्कळ आहे, पण काय न्यायचं नि काय सोडायचं, हे त्यानं नेमकं सांगितलंय.) कुणी म्हणेल, ते वैराग्य होतं, दरमहा पैसे भरून घेतलेली सोय नव्हे. मान्य. प्रत्यक्षात रानात किती जण गेले, हाही प्रश्नच आहे. पण हातपाय चालत असताना स्वतःच्या निर्णयानं घर सोडणं शास्त्राला नामुष्की वाटत नव्हतं, एवढं तरी यातून ठरतं.

दुसरा दाखला ‘नटसम्राट’चा. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक रंगभूमीवर आलं. वृद्धाश्रमाविरुद्ध त्याच्या नायकाला, आप्पासाहेब बेलवलकरांना, हटकून साक्षीला उभं केलं जातं. साक्ष मात्र उलटी आहे. त्यांची परवड वृद्धाश्रमात होत नाही, पोटच्या पोरांच्या घरांत होते. कारण निवृत्त होताच त्यांनी मिळकत वाटून टाकलेली असते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशांसाठीच आहे: सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळलं नाही, तर हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अशी अट असल्याखेरीज कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये म्हटलं. २०२५च्या निकालात कायद्याचा अर्थ अधिक उदारपणे लावला. त्या औदार्यावर विसंबण्यापेक्षा अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहावी. माझं विचाराल तर बक्षीसपत्र करूच नये. मृत्युपत्र करावं, ते हयातीत कितीदाही बदलता येतं.

आता ‘तेव्हा बघू’. पूर्वपक्षाचा सर्वांत घातक भाग हाच. अनेक वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात. म्हणजे आपण ज्या वेळेची वाट पाहतो, नेमक्या त्याच वेळी दार बंद झालेलं असतं. मग रुग्णालयातून सुट्टी मिळण्याच्या गडबडीत, जिथे खाट रिकामी असेल तिथे मुलं नेऊन ठेवतात, आणि ‘टाकलं’ हा शब्द खरा ठरतो. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसाला नवी जागा, नवे चेहरे लक्षात ठेवणं आणखी अवघड जातं. तब्येत धड असताना एखादा महिना तिथे राहून पाहता येतं, व्यवस्थापकाला चार नकोसे प्रश्न विचारता येतात. रात्री दोनला छातीत दुखलं तर दवाखान्यात कोण नेणार? अंथरुणाला खिळलो तर ठेवून घेणार, की मुलाला फोन करणार? अनामत किती परत मिळेल, दर कोण आणि केव्हा वाढवणार? हे करारात लिहिलं नसेल तर तोंडी आश्वासनाला किंमत नाही. अशा वेळी ‘बाबा, तुम्ही कशाला दगदग करता, आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या मुलाला मायेनंच बाहेर बाकावर बसवावं.

एक आक्षेप मात्र खोडता येत नाही. ही सगळी तयारी पेन्शन किंवा घर असणाऱ्यांची झाली. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी २००७च्याच कायद्याच्या कलम १९मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची कल्पना आहे, पण तो काढणं कायद्यानं राज्याच्या मर्जीवर सोडलं आहे.