लाकडांवरची नावं

आज बोलायचं आहे एका सिनेमाविषयी, आणि त्याहून जास्त त्याच्या प्रेक्षकांविषयी.

जानेवारी १९८७. मॉस्कोच्या थंडीत तिकिटांसाठी लांबच लांब रांगा लागल्या होत्या. सिनेमा जॉर्जियन भाषेतला, दिग्दर्शक तेंगिझ अबुलाद्झे, नाव 'पश्चात्ताप'. अडीच तासांचा, समजायला अवघड. तरी लोक येत होते आणि कित्येकजण डोळे पुसत बाहेर पडत होते. का बरं?

थोडं मागे जाऊ. स्टालिनच्या राजवटीत १९३७ आणि १९३८ या दोनच वर्षांत जवळजवळ सात लाख माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. घरच्यांना सांगितलं जाई, 'दहा वर्षांची शिक्षा, पत्रव्यवहाराला परवानगी नाही.' माणूस बहुधा तेव्हाच मेलेला असे. १९५३ साली स्टालिन गेला. १९५६ साली ख्रुश्चेव्हनं त्याच्या गुन्ह्यांवर भाषण केलं, पण बंद दाराआड. सोव्हिएत देशात ते छापून यायला १९८९ उजाडलं. मधल्या काळात कुटुंबांना मृत्यूचे दाखले मिळाले, त्यांत कारण लिहिलेलं असे न्यूमोनिया किंवा हृदयविकार. तारीखही खोटी. म्हणजे बघा, आपल्या भाषेत सांगायचं तर सुतक धरायलासुद्धा तिथी नाही.

हा सिनेमा १९८४ सालीच तयार होता. जॉर्जियाचे तेव्हाचे पक्षप्रमुख शेवर्दनाद्झे यांनी पाठीशी राहून तो करवून घेतला, पण मग तो कपाटात पडून राहिला. १९८६ च्या मे महिन्यात चित्रपटकारांच्या संघात सत्तापालट झाला, अडकवलेले सिनेमे बाहेर काढायला समिती नेमली गेली, आणि वाट मोकळी झाली.

गोष्ट अशी. वार्लाम अराविद्झे नावाचा नगरप्रमुख मरतो. मोठ्या थाटात दफन होतं, आणि सकाळी प्रेत मुलाच्या बागेत उभं! पुन्हा पुरतात, पुन्हा तेच. शेवटी केती नावाची बाई पकडली जाते. तिच्या चित्रकार बापाला आणि आईला या माणसानं संपवलेलं असतं. ती कोर्टात म्हणते की याला मातीत विसावा मिळू देणार नाही. वार्लामच्या मिशा हिटलरच्या, चष्मा बेरियाचा, काळा सदरा मुसोलिनीचा. आणि 'अराविद्झे' हे आडनाव जॉर्जियन भाषेतल्या 'कुणीही नाही' या शब्दावरून घडवलेलं. कुणाचाच नाही, म्हणून कुणाचाही असू शकेल.

आता तो प्रसंग. गावात बातमी येते की स्टेशनावर लाकडाचे ओंडके आलेत आणि हद्दपार केलेल्यांनी त्यांवर आपली नावं कोरली आहेत. बायका-मुलं चिखलात धावतात, एकेक ओंडका तपासतात. एकीला नाव सापडतं. ती लाकडावरून हात फिरवत त्याच्याशी बोलू लागते. छोट्या केतीला आणि तिच्या आईला मात्र काही सापडत नाही. जवळच यंत्र त्याच लाकडाचा भुसा करत असतं.

प्रेक्षागृहात बसलेल्या कित्येकांच्या घरात असाच एखादा न सापडलेला ओंडका होता. तीस-चाळीस वर्षं जे स्वयंपाकघरात कुजबुजून बोललं गेलं, ते आता शेकडो अनोळखी माणसांच्या सोबतीनं पडद्यावर दिसत होतं. शेजारचाही रडतोय हे अंधारात कळत होतं. आपलं दुःख खासगी नव्हतं, हे कळायला कधीकधी सार्वजनिक जागा लागते.

पण सिनेमा तिथे थांबत नाही. वार्लामचा मुलगा आबेल म्हणत राहतो की काळच तसा होता. बाप आणि मुलगा दोन्ही भूमिका अवतांदिल माखाराद्झे या एकाच नटानं केल्या आहेत. कार्ल यास्पर्सनं १९४६ साली जर्मनांच्या अपराधाचे चार प्रकार सांगितले: कायद्याचा, राजकीय, नैतिक आणि चौथा, आपण जगलो-वाचलो याचा. आम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आलो. पण एक पाचवी गोष्ट या सिनेमानं आम्हाला दाखवली: बापाचा गुन्हा झाकणाऱ्या मुलाचा अपराध त्याचा स्वतःचाच असतो. आबेलचा मुलगा हे सहन न होऊन स्वतःला गोळी घालतो. तेव्हा कुठे आबेल बापाचं प्रेत उकरून कड्यावरून फेकतो.

आणि शेवटी? केती आपल्या घरी केक सजवत बसलेली दिसते. प्रेत उकरणं, खटला, सगळं तिच्या मनातलं. बाहेरच्या रस्त्याला नाव अजून वार्लामचंच आहे.

पुढे मॉस्कोत 'मेमोरियल' ही संस्था उभी राहिली. २००७ पासून तिच्या पुढाकारानं दर २९ ऑक्टोबरला लोक रांगेत उभे राहून मृतांची नावं, वय, व्यवसाय मोठ्यानं वाचू लागले. ओंडक्यांवरचीच नावं ती, असं आपण म्हणू. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं ही संस्था बंद करण्याचा आदेश दिला.

पश्चात् म्हणजे नंतर, आणि ताप म्हणजे जळणं. सिनेमागृहातले अश्रू खरेच होते. पण अश्रू वाळतात, आणि रस्त्यांची नावं आपोआप बदलत नाहीत. म्हणून ती यादी वाचणारा कुणीतरी दरवर्षी उभा राहावा लागतो.