‘टेक अप’ : महसुली इतिहासातील एक संदिग्ध क्रियापद

इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांवरून एखाद्या प्रदेशाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची गाठ केवळ आकड्यांशी पडत नाही, तर त्या आकड्यांभोवतीच्या भाषेशीही पडते. ‘टेक अप’ हे जोडक्रियापद त्याचे ठळक उदाहरण होय. ‘टेक’ म्हणजे घेणे आणि ‘अप’ म्हणजे वर. पण या दोहोंच्या बेरजेतून त्याचा अर्थ लागत नाही. तो कर्मावर, आणि त्याहूनही अधिक कर्त्यावर अवलंबून राहतो.

आजचा गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. मध्यप्रांताच्या काळात हा मुलूख मालगुजारी पद्धतीखाली होता. जमीनबंदोबस्ताच्या परिभाषेत पडीत जमीन ‘टेक अप’ झाली, म्हणजे ती वहितीस आली. येथे कर्ता शेतकरी असतो. पुढे नागपूर–छत्तीसगड लोहमार्ग आला. हा मीटरमापी मार्ग ताब्यात घेऊन रुंदमापी करण्यासाठी १८८७ साली बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. रेल्वेच्या व्यवहारात जमीन ‘टेक अप’ होणे म्हणजे सरकारने ती सार्वजनिक कामासाठी संपादन करणे. त्यासाठी प्रथम १८७० चा दहावा व नंतर १८९४ चा पहिला कायदा लागू होता. येथे कर्ता सरकार असून शेतकऱ्याच्या हातून जमीन जाते. त्याच व्यवहारात रूळ ‘टेक अप’ करणे म्हणजे ते उखडून काढणे.

तिसरा अर्थ कामांसंबंधी आहे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतात सरकारी मदतीची कामे निघाली. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांच्या या प्रदेशात तलावाचे काम ‘टेक अप’ झाल्याची नोंद आढळल्यास तिचा अर्थ ‘हाती घेतले’ एवढाच करावयाचा. ‘पुरे झाले’ असा नव्हे. ही मर्यादा न पाळल्यास अपुऱ्या बांधांची गणना सिंचनाच्या साधनांत होईल.

मराठीतील ‘उचलणे’ हे क्रियापदही असेच बहुरूपी आहे. माल उचलतात, कर्ज उचलतात, मजुरीपोटी आगाऊ उचल घेतात. जुन्या इंग्रजीत पैसे ‘टेक अप’ करणे म्हणजे व्याजाने काढणे, हा अर्थ त्याच्याशी अगदी जुळतो. परंतु जमिनीच्या बाबतीत हा मेळ तुटतो, व भाषांतरकारास वहिती, संपादन यांतून एकाची निवड करावीच लागते.

अडचण वाढते ती इंग्रजीच्या कर्मणी प्रयोगामुळे. ‘इतके एकर टेक अप झाले’ एवढेच लिहिलेले असते. कोणी, ते वाक्यातून लोप पावते. परिणामी ज्याने नवे शेत मिळविले तो आणि ज्याने वडिलोपार्जित शेत गमावले तो, दोघेही एकाच क्रियापदाखाली येतात. म्हणून अशा नोंदीतील एकरांची बेरीज करण्यापूर्वी कर्त्याचा शोध घेणे अवश्य आहे. तो न घेता काढलेला लागवडवाढीचा निष्कर्ष प्रत्यक्षात भूमिहानीचा हिशेब असू शकेल.