मिनी-आयटीएक्स कॅबिनेट

मिनी-आयटीएक्स कॅबिनेट म्हणजे १७० × १७० मिलिमीटर मापाच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डासाठी बनवलेली वैयक्तिक संगणकाची लहान पेटी होय. अशा बहुतेक पेट्यांचे घनफळ साधारणतः ५ ते २० लिटरच्या दरम्यान असते, तर नेहमीच्या उभ्या एटीएक्स कॅबिनेटचे घनफळ ४० लिटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. कमी जागा व्यापणे हा या प्रकाराचा मुख्य गुण आणि सुटे भाग बसवताना होणारी अडचण हा मुख्य दोष मानला जातो. ही अडचण घनफळापेक्षा आतील मांडणी, सुटी होणारी पॅनेल आणि केबलींसाठी राखलेली जागा यांवर अधिक अवलंबून असते. त्यामुळे जवळपास सारख्याच आकाराच्या दोन कॅबिनेटमध्ये संगणक जोडण्याचे श्रम फार वेगळे असू शकतात.

इतिहास

इंटेल कंपनीने १९९५ मध्ये एटीएक्स हे मदरबोर्डाचे प्रमाण ठरवले. पूर्ण आकाराचा एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिमी असतो. १९९७ मध्ये आलेल्या मायक्रोएटीएक्स प्रमाणात हे माप २४४ × २४४ मिमीपर्यंत खाली आले. २००१ मध्ये तैवानच्या व्हिया टेक्नॉलॉजीज या कंपनीने मिनी-आयटीएक्स हे प्रमाण मांडले. सुरुवातीला कमी वीज वापरणाऱ्या साध्या यंत्रांसाठी त्याचा उपयोग होत असे. या मदरबोर्डाची चार स्क्रूछिद्रे एटीएक्सच्या छिद्रांशी जुळतात, म्हणून तो मोठ्या कॅबिनेटमध्येही बसतो. पुढे इंटेल आणि एएमडी यांच्या शक्तिशाली प्रोसेसरांसाठीही या मापाचे मदरबोर्ड तयार होऊ लागले.

याच काळात शटल या तैवानी कंपनीचे घनाकृती छोटे संगणक लोकप्रिय झाले. मात्र त्यांचे मदरबोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असल्याने भाग बदलण्यास मर्यादा होती. प्रमाणित भाग वापरता येतील अशा लहान कॅबिनेटना पुढील दशकात चालना मिळाली. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून साकारलेले १२.६ लिटरचे एनकेस एम१ आणि २०१६ मध्ये त्याच मार्गाने आलेले सुमारे ७.२ लिटरचे डॅन ए४-एसएफएक्स ही त्यांतील महत्त्वाची उदाहरणे होत. मोठ्या उत्पादकांपैकी कूलर मास्टरचे एनआर२०० (२०२०) आणि फ्रॅक्टल डिझाइनचे टेरा (२०२३) ही कॅबिनेट विशेष परिचित आहेत.

घनफळाचे मोजमाप

कॅबिनेटची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला १००० ने भागले की घनफळ लिटरमध्ये मिळते. ही संख्या तुलनेसाठी सोयीची असली तरी मोजण्याची पद्धत सर्वत्र सारखी नसते. एनआर२०० चे जाहीर घनफळ १८.२५ लिटर आहे. ते पाय व बाहेर आलेले भाग वगळून घेतलेल्या ३६० × १८५ × २७४ मिमी या मापांवरून काढले आहे. बाहेर आलेले भाग धरल्यास मापे ३७६ × १८५ × २९२ मिमी होतात आणि घनफळ सुमारे २०.३ लिटर भरते. मेजावर किंवा कपाटात नेमकी जागा असल्यास बाह्य मापेच विचारात घ्यावी लागतात.

अंतर्गत मांडणी

पारंपरिक मांडणीत ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डाच्या खाचेत थेट बसते. एनकेस एम१ व एनआर२०० यांची रचना अशी आहे. या मांडणीत जोडणीचे टप्पे मोठ्या कॅबिनेटप्रमाणेच असतात आणि प्रोसेसरच्या कूलरसाठी तुलनेने अधिक उंची मिळते. प्रथमच संगणक जोडणाऱ्यास ती सोपी जाते.

सँडविच मांडणीत मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड एका मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसवतात. दोहोंना रायझर केबल जोडते. कॅबिनेट अरुंद होते, परंतु कूलरची उंची कमी ठेवावी लागते. ए४-एसएफएक्समध्ये ही मर्यादा ४८ मिमी आहे. टेरामधील मधली भिंत सरकवता येते. त्यामुळे कूलरसाठी ४८ ते ७७ मिमी जागा मिळू शकते, पण एका बाजूला वाढवलेली जागा ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला तेवढीच कमी होते.

रायझर केबल हा या मांडणीतील नाजूक भाग आहे. पीसीआय एक्सप्रेस ३.० साठी बनवलेली केबल ४.० गतीच्या कार्डाला जोडल्यास पडद्यावर काहीच न दिसणे किंवा संगणक मध्येच बंद पडणे असे दोष उद्भवू शकतात. अशा वेळी बायोसमध्ये खाचेची गती ३.० वर ठरवून ठेवणे हा उपाय केला जातो.

जोडणीची सुलभता

कॅबिनेट जोडणीस सोपे आहे की नाही, हे पुढील बाबींवरून ठरते.

- सुटी होणारी पॅनेल : दोन्ही बाजू, वरचा भाग आणि पुढचा भाग स्क्रूड्रायव्हरशिवाय निघत असल्यास हात सर्व दिशांनी आत पोहोचतो. एनआर२०० ची सोय मुख्यतः या रचनेमुळे आहे.
- केबलींची जागा : लहान कॅबिनेटमध्ये जागा अडते ती बहुधा भागांपेक्षा त्यांच्या केबलींमुळे. एसएमपीएसच्या तोंडाशी वाकणाऱ्या केबलींना मोकळी जागा लागते. मॉड्युलर एसएमपीएस वापरल्यास नको असलेल्या केबली जोडाव्या लागत नाहीत.
- मदरबोर्डामागील खिडकी : प्रोसेसरच्या मागील बाजूस पत्र्यात छेद असल्यास मदरबोर्ड न काढता कूलर बदलता येतो.
- सांगाडा : पातळ पत्रा वाकला की स्क्रूछिद्रे जुळत नाहीत. कडा दुमडलेल्या नसतील तर बोटे कापण्याची शक्यता असते.

ही सुलभता पहिल्या जोडणीपुरती मर्यादित नाही. धूळ काढणे, रॅम वाढवणे किंवा बिघडलेला पंखा बदलणे ही कामे संगणकाच्या आयुष्यात वारंवार करावी लागतात. एका भागासाठी अर्धा संगणक उकलावा लागत असेल, तर अशी देखभाल टाळली जाते आणि धूळ साचून तापमान व आवाज वाढतो.

भागांची सुसंगती

वीजपुरवठ्यासाठी या कॅबिनेटमध्ये बहुधा एसएफएक्स प्रमाणाचा एसएमपीएस वापरतात. त्याचे माप १२५ × १०० × ६३.५ मिमी, म्हणजे घनफळ सुमारे ०.८ लिटर असते. १५० × १४० × ८६ मिमी मापाचा एटीएक्स एसएमपीएस सुमारे १.८ लिटर जागा घेतो. एसएफएक्स-एल या प्रकाराची लांबी १३० मिमी असल्याने तो प्रत्येक एसएफएक्स कॅबिनेटमध्ये बसेलच असे नाही.

ग्राफिक्स कार्डाची लांबी, उंची आणि जाडी ही तिन्ही मापे स्वतंत्रपणे तपासावी लागतात. विस्तारखाचांमधील अंतर २०.३२ मिमी असते, परंतु अनेक कार्डे दोन खाचांपेक्षा जाड असतात. वीजजोडाची केबल वळण्यासाठी कार्डाच्या कडेपलीकडेही जागा लागते. या गोंधळावर उपाय म्हणून एनव्हिडिया कंपनीने २०२४ मध्ये लहान कॅबिनेटयोग्य कार्डांसाठी मार्गदर्शक मापे जाहीर केली. त्यांनुसार केबलीच्या वळणासह उंची १५१ मिमी, लांबी ३०४ मिमी आणि जाडी ५० मिमीपेक्षा अधिक नसावी.

कूलरची उंची मदरबोर्डावरील प्रोसेसरपासून बाजूच्या पॅनेलपर्यंत मोजतात. नॉक्टुआ एनएच-एल९आय हा बुटका कूलर ३७ मिमी, तर त्याच कंपनीचा उभा एनएच-यू१२एस १५८ मिमी उंच आहे. उत्पादकाने दिलेल्या कमाल मर्यादेशी तंतोतंत जुळणारा कूलर बसला तरी पंखा पॅनेलला चिकटून हवा अडते व आवाज वाढतो, म्हणून काही मिलिमीटर मोकळे राखणे हितावह असते.

उष्णता व वायुवीजन

लहान कॅबिनेटमध्ये हवेचा साठा अल्प असल्याने तापलेली हवा लवकर बाहेर जाणे आवश्यक असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या पंख्यांसमोर जाळीदार पॅनेल असल्यास ते थेट बाहेरची हवा घेतात. तेथे काचेचे पॅनेल बसवल्यास हा मार्ग बंद होतो. पंख्यांवर चालणारा कूलर कोणत्याही भागाचे तापमान आत येणाऱ्या हवेखाली आणू शकत नाही. त्यामुळे विदर्भासारख्या, उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सियसपर्यंत तापणाऱ्या प्रदेशात जाळीचे पॅनेल आणि धुता येण्याजोगी धूळगाळणी यांचे महत्त्व वाढते.

जोडणीचा क्रम

मोठ्या कॅबिनेटमध्ये क्रम चुकल्यास दुरुस्ती सहज होते. लहान कॅबिनेटमध्ये मात्र पुष्कळदा सर्व भाग पुन्हा काढावे लागतात. प्रोसेसर, रॅम आणि एम.२ साठवण मदरबोर्ड बाहेर असतानाच बसवतात. अनेक मिनी-आयटीएक्स मदरबोर्डांवर एम.२ ची एक जागा मागील बाजूस असते, ती नंतर हाती लागत नाही. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची आठ पिनांची केबल कूलर बसवण्यापूर्वी जोडणे सोयीचे ठरते. त्यानंतर एसएमपीएस व पुढील पॅनेलच्या केबली आणि सर्वांत शेवटी ग्राफिक्स कार्ड असा क्रम सामान्यतः पाळला जातो. कॅबिनेट बंद करण्यापूर्वी संगणक एकदा चालू करून पाहतात.

निवड

निवडीची सुरुवात कॅबिनेटपासून न करता ग्राफिक्स कार्ड व कूलर यांच्या मापांपासून केल्यास न बसणारा भाग विकत घेण्याची वेळ येत नाही. प्रथमच जोडणी करणाऱ्यांसाठी १५ ते २० लिटरचे, पारंपरिक मांडणीचे आणि सर्व बाजूंनी उघडणारे कॅबिनेट सोयीचे असते. १० लिटरच्या आतील कॅबिनेट नेहमी प्रवासात नेण्यासाठी किंवा जागा खरोखर अपुरी असल्यास उपयुक्त आहे, परंतु त्यात भागांचे पर्याय कमी असतात आणि पुढे मोठे कार्ड घेतल्यास कॅबिनेटही बदलावे लागू शकते. मिनी-आयटीएक्स मदरबोर्डावर सहसा रॅमच्या दोनच जागा आणि एकच विस्तारखाच असते. त्यांहून अधिक गरज असल्यास मायक्रोएटीएक्स मदरबोर्ड सामावणारे लहान कॅबिनेट हा पर्याय असतो.