औद्योगिक ज्ञानसहयोग

परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या उद्योगसंस्थांनी आपापली तांत्रिक माहिती ठरावीक नियमांनुसार एकत्र करून सामायिकपणे वापरण्याची पद्धती. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील तांब्याच्या व कथिलाच्या खाणींनी एकोणिसाव्या शतकात उभारलेली व्यवस्था हे तिचे उल्लेखनीय उदाहरण होय.

कॉर्नवॉलमध्ये दगडी कोळसा नव्हता. तो वेल्समधून समुद्रमार्गे आणावा लागे. त्यामुळे खोल खाणींतील पाणी उपसणाऱ्या बाष्पएंजिनांच्या इंधनखर्चावर खाणींचे अस्तित्व अवलंबून असे. जेम्स वॉट (१७३६–१८१९) यांच्या १७६९ मधील एकस्वाची मुदत पार्लमेंटने १७७५ मध्ये वाढवून १८०० पर्यंत नेली. या काळात बोल्टन व वॉट ही भागीदारी संस्था इंधनबचतीच्या एकतृतीयांश मूल्याइतके शुल्क घेई व प्रतिस्पर्धी अभियंत्यांवर दावे लावी. एकस्व संपताच सर्वांना मोकळीक मिळाली. परंतु सुधारणा होण्याऐवजी देखभालीअभावी एंजिनांची कार्यक्षमता खालावली.

यावर उपाय म्हणून १८११ मध्ये काही खाणींच्या व्यवस्थापकांनी जोएल लीन यांची नेमणूक केली. एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट उंच चढते, हे सर्वांसाठी समान माप ठरले. प्रत्येक एंजिनाचे कार्यमान, त्याची रचना व अभियंत्याचे नाव ‘लीन्स एंजिन रिपोर्टर’ या मासिक वृत्तात छापले जाई. १८१२ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी व्हील प्रॉस्पर खाणीवर उभारलेल्या उच्च दाबाच्या एंजिनाचे एकस्व घेतले नाही. पुढे त्याच धर्तीच्या रचनेत अनेकांनी भर घातली. प्रारंभी सु. २ कोटी असलेले सरासरी कार्यमान १८४० नंतरच्या काही वर्षांत सु. ६ कोटींपर्यंत गेले. १८३५ मध्ये फोई कन्सोल्स खाणीवरील एका एंजिनाने चाचणीत सु. १२·५ कोटींचा आकडा गाठला.

या सहकार्यामागे हितसंबंधांची जुळणी होती. अनेक भागधारकांची भांडवली गुंतवणूक एकाहून अधिक खाणींत असे. धातुकाचा भाव कोणत्याही एका खाणीच्या हाती नसल्याने शेजाऱ्याच्या बचतीमुळे आपले नुकसान होत नसे. अभियंत्यांना या वृत्तामुळे कीर्ती व नवी कामे मिळत. तथापि चढाओढीमुळे आकड्यांबद्दल शंकाही घेतल्या जात. पुढे वृत्तात नोंदविल्या जाणाऱ्या एंजिनांची संख्या घटत गेली व १९०४ मध्ये प्रकाशन थांबले.

अशा प्रक्रियेला अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲलन यांनी १९८३ मध्ये ‘सामूहिक संशोधन’ अशी संज्ञा दिली. केवळ निर्बंध उठल्याने ज्ञान वाढत नाही. समान माप, त्रयस्थ नोंदकर्ता व नियमित प्रसिद्धी यांची जोड त्यास लागते, हे कॉर्नवॉलच्या इतिहासावरून दिसून येते.