वस्त्रांवरील मुद्रित रासायनिक संवेदक

घाम किंवा भोवतालच्या पाण्यातील ठरावीक रसायनाचे प्रमाण विद्युत् संकेताच्या रूपात दाखवणारी, कापडावर शाईने छापलेली विद्युत् अग्रांची रचना. तिचे मूळ लीलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या एंझाइम-विद्युत् अग्रात आहे (पहा : जैव संवेदक). कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जोसेफ वांग यांच्या गटाने २०१० मध्ये अंतर्वस्त्राच्या लवचिक कमरपट्टीवर असे संवेदक छापले. पट्टी त्वचेला सतत टेकलेली राहते म्हणून तिची निवड झाली. पुढच्याच वर्षी पाणबुड्यांच्या निओप्रीन पोशाखावर समुद्राच्या पाण्यातील तांबे, फिनॉल व स्फोटके ओळखणारे संवेदक आले.

मुद्रण बहुधा जाळीतून होते (पहा : स्क्रीन मुद्रण). कार्यकारी अग्रासाठी कार्बनची शाई, तर संदर्भ अग्रासाठी चांदी व सिल्व्हर क्लोराइडची शाई वापरतात. लॅक्टेट ऑक्सिडेज हे एंझाइम घामातील लॅक्टेटपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. शाईत प्रशियन ब्ल्यू मिसळल्यास हे पेरॉक्साइड कमी विभवाला मोजता येते. सोडियमसाठी एंझाइम लागत नाही, आयननिवडक पटल पुरते. खरी अडचण कापडाचीच आहे : विणीतील फटींत शाई झिरपते, सुती धागा द्रव शोषतो आणि ताणल्यावर थराला तडे जातात. त्यामुळे घट्ट विणीचे, जलरोधी लेप दिलेले कापड आणि पॉलियुरेथेनसारखे लवचिक बंधक निवडतात. धुण्यात एंझाइम टिकवणे त्याहून अवघड आहे.

खेळाडूंची देखरेख, जखमेच्या पट्ट्या व सैनिकी गणवेश ही उपयोगक्षेत्रे होत. घामातील ग्लुकोज रक्तातल्यापेक्षा पुष्कळ कमी असल्याने त्या मापनाला रक्तचाचणीची जागा घेता आलेली नाही (पहा : घर्मग्रंथी, मधुमेह).