अमेरिकेच्या कायद्यातील ‘विद्यार्थी’: एका संज्ञेचा इतिहास

परदेशी विद्यापीठात शिकत असतानाच विद्यार्थ्याने तेथील कायम वास्तव्यासाठी अर्ज करावा की नाही, हा प्रश्न केवळ व्यवहाराचा समजला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुरते पाहिल्यास त्यातील अडचणीचा उगम पुष्कळ अंशी एका संज्ञेच्या इतिहासात सापडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनी परत यावे ही अट अमेरिकेची नसून बडोदे संस्थानाची होती. शिष्यवृत्तीच्या करारान्वये त्यांना पुढे दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची होती. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागाला दार बंद झाले. तथापि अपवादांच्या यादीत विद्यार्थी होता. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्यास नागरिकत्वास अपात्र ठरविले.

१९२४ चा कायदा भाषादृष्ट्या अधिक लक्षणीय आहे. त्याच्या चौथ्या कलमात विद्यार्थ्याची गणना ‘स्थलांतरितां’तच केलेली आहे, मात्र कोट्याबाहेरील म्हणून. वय निदान १५ वर्षांचे, संस्था मान्यताप्राप्त आणि हेतू केवळ अध्ययनाचा, या त्यातील मुख्य अटी. म्हणजे नावाने वसावयास आलेला, हेतूने न वसणारा आणि हिंदी असल्यास नागरिक होऊच न शकणारा, असा हा विलक्षण प्राणी होता! १९४६ साली नागरिकत्वाची बंदी उठली. पण हिंदी लोकांचा वार्षिक कोटा अवघा १०० ठरला.

१९५२ च्या कायद्याने हाच विद्यार्थी ‘अस्थलांतरित’ झाला. स्वदेशी ज्याचे राहते घर आहे व ते सोडण्याचा ज्याचा हेतू नाही, तो विद्यार्थी, अशी व्याख्या आली. आणि परवाना मागणारा स्थलांतरितच आहे असे गृहीत धरून, तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकला गेला. परंतु त्याच कायद्याचे २४५ वे कलम देशात राहूनच कायम रहिवासी होण्याची वाट दाखविते. या दोहोंचा मेळ काळावर अवलंबून आहे: प्रवेशाच्या क्षणीचा हेतू निराळा, मागाहून उत्पन्न झालेला निराळा. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या आपल्या समाजास हे फारसे अपरिचित वाटू नये.

१०० च्या कोट्यात हे कलम हिंदी विद्यार्थ्याला बहुतांशी कागदावरच राहणे क्रमप्राप्त होते. ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने ते जिवंत केले. राष्ट्रनिहाय जुने कोटे १९६८ पर्यंत संपले आणि पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशास वर्षाला २०,००० पर्यंत वाव मिळाला. त्यानंतर अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी अभियंत्यांपैकी व डॉक्टरांपैकी पुष्कळांच्या वास्तव्याचा आरंभ या कायद्याने मोकळ्या केलेल्या वाटेवर झाला.

१९९० च्या कायद्याने ‘एच-१बी’ परवान्यावरील तज्ज्ञ नोकरांना दुहेरी हेतू बाळगण्यास मोकळीक दिली. विद्यार्थ्यास दिली नाही. हा भेद मला असमर्थनीय वाटतो, कारण बहुधा तीच व्यक्ती दोन वर्षांच्या अंतराने या दोन्ही वर्गांत मोडते. भेदाचा परिणाम मात्र लहान नाही. कायम वास्तव्याचा अर्ज प्रलंबित असता विद्यार्थी-परवान्यावरील मनुष्य पूर्वपरवानगीवाचून, समजा आजारी वडिलांना पाहण्यासाठी, देशाबाहेर पडला, तर त्याने अर्ज सोडून दिला असे सर्वसाधारणपणे धरले जाते. वैध ‘एच-१बी’ परवान्यावर जाऊन परत येणाऱ्या त्याच्या सहाध्यायाचा अर्ज तसाच चालू राहतो.